अब्बांचे पाच महिने

कापसाच्या धंद्यातल्या माणसाला धाप लागली, की लोक एकच कारण सांगतात – रुईची धूळ छातीत गेली. आमच्या अब्बांच्या बाबतीत आम्हीही तेच म्हणत होतो.

आम्ही मन्सुरी. लोक पिंजारी म्हणतात. दादा खांद्यावर पिंजण टाकून दारव्हा, नेर, आर्णीकडच्या खेड्यांतून पायी हिंडायचे. तातीचा आवाज ऐकू आला, की बाया जुन्या गाद्या अंगणात आणून टाकायच्या. अब्बांनीही तरुणपणी तेच केलं. पुढं पिंजायचं मशीन आलं आणि यवतमाळला कळंब चौकाच्या पलीकडं आमचं छोटंसं दुकान झालं. गाद्या, रजया, उशा. लग्नसराईत मुलीच्या आंदणाची गादी आमच्याकडूनच भरून न्यायची, असा कितीतरी घरांचा रिवाज होता. मुसलमानांपेक्षा कुणबी, बंजारा घरंच जास्त.

२०१७चा पावसाळा सरला आणि अब्बांना रात्री खोकला येऊ लागला. जिना चढताना मध्येच थांबायचे. एका डॉक्टरांनी दमा सांगून पंप दिला. तो दोन-अडीच महिने चालला. या काळात मी एक गोष्ट रोज पाहत होतो आणि तरी ती मला दिसत नव्हती. अब्बांच्या डोक्याखालची उशी एकाची दोन झाली, दोनाची तीन झाली. मी एकदा हसत विचारलं, "इतने तकिये कायको, अब्बा?" ते म्हणाले, "सीधा लेटा तो पानी में डूबे सरखा लगता." यावर आम्ही सगळे हसलो. उशा बनवणाऱ्याच्या घरी उशांना काय तोटा!

पुढं दुसऱ्या एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री किती उशा घेता?" मला वाटलं, गादीवाल्याशी गंमत करताहेत. ती गंमत नव्हती. हृदय थकलं, की दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं पडल्यावर वर चढतं आणि फुफ्फुसात भरतं. म्हणून अशा माणसाला सपाट झोपता येत नाही. डॉक्टर उशांवरून दुखणं ओळखतात. त्यांनी अब्बांच्या पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथं खड्डा राहिला. छातीच्या एक्स-रेमध्ये हृदय चांगलंच पसरलेलं दिसत होतं. "नागपूरला जा," ते म्हणाले, "उशीर करू नका."

डिसेंबर २०१७मध्ये नागपूरला इको झाला, अँजिओग्राफी झाली. अब्बांना बारा वर्षांपासून साखर होती. साखरेच्या रुग्णाला हार्ट अटॅक येऊन गेला तरी कधी कधी कळा जाणवत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मागं एका उन्हाळ्यात अब्बा दोन दिवस 'पित्त झालं' म्हणून पडून होते. ते पित्त नव्हतं. हृदयाच्या डाव्या कप्प्याचा मोठा भाग त्या दोन दिवसांतच मेला असावा.

डॉक्टरांनी मला आत बोलावून कागदावर आकृती काढली. हृदयात भरलेल्या रक्तातला किती भाग एका ठोक्यात बाहेर फेकला जातो, त्याचा आकडा इकोमध्ये येतो. निरोगी माणसाचाही तो शंभर नसतो, पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यान असतो. अब्बांचा वीस होता. मेलेल्या स्नायूला नव्या रक्तवाहिन्या जोडून उपयोग नव्हता, म्हणून बायपास नाही. शॉक देणारं यंत्र बसवायचं तर काही लाख रुपये लागणार, आणि त्यानं हृदयाची ताकद वाढणार नव्हती. मी हृदय बदलण्याचं विचारलं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ सालीच तसा प्रयत्न केला होता, तो रुग्ण काही तासच जगला. पुढं १९९४ साली दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांना यश आलं. एवढं मी शाळेत सामान्य ज्ञानाच्या तासाला मुलांकडून पाठ करून घेतलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "सदुसष्ट वय, साखर, किडन्याही थकल्यात. त्या वाटेला नका जाऊ." मग चष्मा काढून म्हणाले, "वर्ष, दोन वर्षं. मी तारीख देत नाही. पण जे करायचं ते करून घ्या."

अब्बा बाहेर बाकावर बसले होते. मांडीवर अम्मीनं दिलेला डबा होता.

आम्ही यवतमाळची एसटी धरली. वर्धा गेलं. देवळीच्या पुढं त्यांनी विचारलं, "क्या बोला डॉक्टर?" मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "दिल पे थोडी सूजन है. दवा से उतर जाएगी." ते "हूं" म्हणाले. डबा उघडला आणि अर्धी पोळी मला दिली.

रात्री घरात मशवरा झाला. दिग्रसहून बाजी आली. अम्मी म्हणाली, "बताओगे तो कलच मर जाएंगे." बाजी नुसती रडत राहिली. मी घरातला शिकलेला, मास्तर. माझ्या तोंडाकडं सगळे बघत होते. मी म्हणालो, "नको सांगायला." तो निर्णय मी दयेपोटी घेतला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

खोटं एकदा बोलून संपत नाही. ते रोज सांभाळावं लागतं. इकोचा रिपोर्ट मी शाळेच्या कपाटात ठेवला. गोळ्यांच्या पट्ट्यांतून माहितीचे कागद काढून टाकले. भेटायला येणाऱ्याला दारातच गाठून समजवायचो. बाभूळगावकडचे एक जुने गिऱ्हाईक होते, शेतकरी. अब्बांचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही लपवून राह्यले. पण बुढ्याले समजते बरं. बैलालेबी समजते." मला त्यांचा राग आला होता.

डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलं होतं. डाळ, चहा, दूध सगळं त्यातच. आणि २०१८चा तो उन्हाळा! यवतमाळकरांना तो सांगायला नको. निळोणा आटलं, चापडोह आटलं. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. गल्लीत टँकर आला, की बाया, पोरं, म्हातारे गुंड्या-बादल्या घेऊन धावायचे, भांडणं व्हायची. सगळं शहर पाणी मोजत होतं आणि आमच्या घरात अम्मी वेगळंच पाणी मोजत होती. सकाळी दीड लिटर तांब्यात काढून ठेवायची आणि तेवढंच अब्बांना द्यायची. अब्बांना वाटायचं, टंचाईमुळं आपल्याला कमी देतात. एकदा त्यांनी शेजारच्या पोराला दोन रुपये देऊन पाण्याचं पाऊच आणवलं आणि चोरून प्यायले. ज्या माणसानं दर मोहरमला दुकानासमोर सबील लावली, तो घोटभर पाणी चोरून पीत होता, कारण त्याला का प्यायचं नाही हे आम्ही सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये पुसदला बडी फुफी गेल्या. अब्बा हट्टानं जनाज्याला गेले. कब्रस्तानात चालवेना, तेव्हा दोघांच्या खांद्यावर हात टाकून गेले. परतताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, बहिणीचं दुःख आहे.

१७ मेला पहिला रोजा होता. पारा चव्वेचाळीसच्या आसपास, सहरीपासून इफ्तारपर्यंत चौदा तासांहून जास्त. आम्ही म्हटलं, "इस साल रहने दो." ते म्हणाले, "सूजनच है ना? बारा साल की उम्र से एक रोजा नहीं छोडा." काय उत्तर देणार? आमचंच खोटं आमच्या आडवं आलं. अब्बांनी लघवीवाटे पाणी काढणारी लॅसिक्सची गोळी दिवसा घेतली नाही. आणि मगरिबच्या अजानला, दिवसभराच्या तहानेनं, खजुरावर शरबत, त्यावर गार पाणी, पुन्हा पाणी. अम्मीला हात धरवेना. रोजेदाराच्या हातातला पेला कोण काढून घेईल?

रात्री दीड वाजता ते उठून बसले. ओठ निळे, अंगाला गार घाम, श्वासाबरोबर छातीत घरघर. बोलता येत नव्हतं, फक्त खिडकीकडं बोट दाखवत होते. हवा, हवा. चार माणसांनी खुर्चीसकट खाली आणलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, शिरेतून इंजेक्शनं दिली. पहाटेपर्यंत लघवीच्या पिशवीत दोन लिटरच्या वर पाणी आलं. तेवढं पाणी त्यांच्या अंगात जास्तीचं होतं. नवऱ्याला तहानेला ठेवते म्हणून जी अम्मी पाच महिने मनातून कुढत होती, ती त्या पिशवीकडं बघत बसली होती.

तिसऱ्या दिवशी मोहल्ल्याच्या मशिदीतले इमामसाहेब भेटायला आले. अब्बा उठून बसलेले होते. त्यांनी रोज्यांचा मसला विचारला. रमजानचे बाकीचे रोजे कसे करायचे? नंतर कजा धरू का?

इमामसाहेब म्हणाले, "बरे होण्याची उम्मीद असेल तर नंतर कजा. उम्मीदच नसेल, तर फिदिया. एका रोज्याबद्दल एका गरिबाला जेवण." एवढं बोलून त्यांनी सहज माझ्याकडं पाहिलं. "बेटा, डॉक्टर क्या कहते हैं?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी दिनाचा साधा सवाल विचारला होता. पण माझ्या तोंडून 'हां' निघेना आणि 'नाही'ही निघेना. चुकीचं सांगावं तर अब्बांची इबादत चुकणार. खरं सांगावं तर... खोलीत पंख्याचा आवाज येत होता. अब्बा माझ्याकडं बघत होते. मग तेच इमामसाहेबांना म्हणाले, "फिदिया लिख लो, मौलाना. एक हो गया, उनतीस का."

ते गेल्यावर अब्बांनी मला जवळ बसवलं. "कितना टाइम बोला था?"

"साल, दो साल."

"कब बोला?"

"दिसंबर में."

ते बोटांवर मोजू लागले. दिसंबर, जनवरी, फरवरी, मार्च. मार्चवर बोट थांबलं. "मार्च में बडी आपा गई," ते म्हणाले. नंतर बराच वेळ गेला. "मेरे पाँच महीने तुम लोगांने खा लिए."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मार्चवर बोट का थांबलं, ते त्यांनी त्या रात्री सांगितलं. आमचं घर दादांचं. १९८६मध्ये दादा वारले, तेव्हा दादी आधीच गेलेल्या होत्या. वारस तीन, अब्बा आणि दोन फुफ्या. शरियतप्रमाणं घराचे चार हिस्से, दोन अब्बांचे, एक-एक दोन बहिणींचा. म्हणजे अर्धं घर बहिणींचं. मोहल्ल्यातल्या चार वडीलधाऱ्यांनी दोघींना एकेक साडी दिली आणि हक्कसोडपत्रावर अंगठे घेतले. सगळीकडं असंच होतं. 'बहनों ने माफ कर दिया' असं म्हणतात. अब्बा म्हणाले, "किसी ने उनसे पूछा नहीं. मैंने भी नहीं पूछा. सोचा था, पुसद जाके एक दिन आपा से बोलूंगा. बत्तीस साल वो एक दिन नहीं आया. मेरे को मालूम रहता ना, तो जनवरी में जाके पाँव पकड लेता."

मला माझाही हिशेब सांगितला पाहिजे, नाही तर या लेखाला अर्थ नाही. अब्बांच्या नावावर लोहाऱ्याकडं एक प्लॉट होता. त्यावर मी मनातल्या मनात घर बांधून ठेवलं होतं. बाजी दिग्रसला सुखी आहे, ती सही करून देईल, हे मी धरूनच चाललो होतो. फुफ्यांनी केलीच होती ना! मरण जवळ आल्याचं माणसाला कळलं, की तो वाटणीचं बोलू लागतो. अब्बांनी ते बोलू नये, अशी माझी आतून कुठंतरी इच्छा होती. 'नको सांगायला' म्हणताना ती माझ्या आवाजात होती, हे मला त्या दवाखान्यात कळलं. दया खरी होती. पण ती एकटी नव्हती.

त्यानंतर अब्बा नऊ महिने जगले. त्या नऊ महिन्यांत त्यांनी जेवढी कामं उरकली, तेवढी आधीच्या दहा वर्षांत उरकली नसतील.

उनतीस माणसांचं जेवण अम्मीनं रांधलं. गिऱ्हाइकांच्या उधारीची वही काढून ज्यांचं शेत बुडालेलं होतं, त्यांच्या नावावर रेघ मारली. ज्यांचं आपल्याकडं निघत होतं, त्यांना बोलावून दिलं. १९७५च्या निकाहातला अम्मीचा मेहेर पाचशे एक रुपये होता आणि तो दिलेला नव्हता. अम्मी लाजून म्हणाली, "मैंने कब का माफ किया." अब्बा म्हणाले, "माफी बाद में, पहले हाथ में ले." त्या काळी पाचशे रुपयांत जवळपास तोळाभर सोनं येत होतं, २०१८ साली तोळा तीस हजारांच्या पुढं होता. इमामसाहेब म्हणाले, "बंधन पाचशे एकचंच आहे, वरचं तुमच्या खुशीचं." अब्बांनी पाचशे एक मोजून दिले आणि खुशी म्हणून दुकानातली शिवणयंत्राची जोडी तिच्या नावे केली.

मग त्यांनी लोहाऱ्याचा प्लॉट विकला. खरेदीखताला मीच त्यांना खुर्चीवरून नेलं. आलेल्या पैशातून छोट्या फुफीला उमरखेडला जाऊन तिचा हिस्सा दिला आणि बडी फुफींचा त्यांच्या मुलांना. छोटी फुफी रडली, पैसे परत करू लागली. अब्बा म्हणाले, "माफ करायचं तर पैसे हातात आल्यावर कर. तेव्हाच ती माफी." तिनं पैसे ठेवून घेतले. मला फार बरं वाटलं. तिनं ते परत केले असते, तर पुन्हा सगळं साडीवर आलं असतं.

आमच्या वाटणीचं त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं. आधी कफन-दफन, मग कर्ज, मग वसीयत असेल तर एक तृतीयांशाच्या आत, आणि उरलेलं वारसांना. त्याचे चोवीस हिस्से. अम्मीचे तीन, बाजीचे सात, माझे चौदा. खाली एक ओळ होती, 'बेटी से सही मत लेना.'

रोजचं दुखणंही त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. रुई तोलायच्या काट्यावर सकाळी उपाशीपोटी उभे राहायचे आणि वजन वहीत लिहायचे. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, म्हणजे अंगात पाणी साचलं. तेव्हा डॉक्टरांना फोन करायचा, गोळी वाढवायची. दीड लिटरचा तांब्या आता ते स्वतः भरत होते. कारण कळल्यावर त्यांनी एकदाही चोरून पाणी घेतलं नाही. आधी पाच महिन्यांत तीनदा भरती करावं लागलं होतं. नंतरच्या नऊ महिन्यांत एकदाच.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतल्यानं मोठा गदारोळ झाला आणि शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याची आत्महत्या सोसलेल्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मी अब्बांना सोडून जायला तयार नव्हतो. त्यांनी जबरदस्तीनं पाठवलं. रात्री सगळं विचारून घेतलं. त्या बाई एवढ्या लोकांसमोर उभ्या राहून बोलल्या, हे ऐकून म्हणाले, "घरात मौत झाली की लोक तोंड झाकतात. ती बोलली. अच्छा किया."

फेब्रुवारीत एका पहाटे ते गेले. घरीच. पुन्हा दवाखान्यात न्यायचं नाही, हे त्यांनी, डॉक्टरांनी आणि आम्ही मिळून आधीच ठरवलं होतं. पाठीला चार उशा होत्या. बाजी यासीन पढत होती. आदल्या रात्री त्यांनी प्रत्येकाला जवळ घेऊन 'कहा-सुना माफ' म्हटलं होतं. माझ्या वेळी ते नुसतं हसले आणि म्हणाले, "पाँच महीने भी माफ."

अम्मी अजूनही माझ्याशी सहमत नाही. ती म्हणते, "वो पाँच महीने वो सुकून से सोए थे. बाद में रातभर छत देखते थे." तिचंही खोटं नाही. मीही ते पाहिलं आहे. प्रत्येक आजाऱ्याला सगळं ऐकायचं असतंच, असं मी म्हणणार नाही. पण आम्ही त्यांना विचारलंच नाही. 'किती जाणून घ्यायचंय?' एवढा एक प्रश्न देवळीच्या पुढं एसटीत विचारता आला असता. अर्धी पोळी हातात धरून ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते. आपल्या समाजात मरणाची आठवण ठेवायला सांगणारे बयान आपण दर जुम्याला ऐकतो आणि घरात एखाद्याचं मरण खरोखर समोर आलं, की सगळ्यात आधी त्याच्यापासूनच ते लपवतो.

चाळीसवा झाल्यावर मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मला म्हणाले, "बहन से सही ले लो, कागज साफ हो जाएगा." मी त्यांना चहा पाजला. मग अम्मी, बाजी आणि मी भूमापन कार्यालयात गेलो. आखीव पत्रिकेवर आता तिघांचीही नावं आहेत. नोंद करणाऱ्या बाबूनं बाजीला दोनदा विचारलं, "हक्क सोडायचा नाही ना?" बाजी म्हणाली, "नाही." तिचा आवाज थोडा कापत होता. मी तिच्या शेजारीच उभा होतो.